नाथसागराखाली गेलेल्या वाड्याची जागा जुन्या नकाशांवरून पक्की करता येईल का?

गोदातीर :

आमच्या घराण्याचा वाडा पैठणच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या डाव्या तीरावरच्या एका लहान गावात होता. नाथसागर हा ज्याचा जलाशय त्या जायकवाडी प्रकल्पाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे लोकार्पण झाले. या दोन तारखांच्या मधल्या काळात आमचे गाव उठले. बहुतेक घरे पुनर्वसनाच्या नव्या गावठाणात गेली, आमचे आजोबा मात्र मोबदला घेऊन जालन्याला आले आणि पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. गावाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण त्याच नावाची आणखी गावे याच जिल्ह्यात आहेत आणि आमच्या भाऊबंदांत जमिनीवरून आधीच पुरेसे बोलणे झालेले आहे.

आमच्या हाती तीन गोष्टी आहेत. एक म्हणजे १३४९ फसलीची, म्हणजे निजामी महसुली सालाची, एक उर्दू पावती, दुसरी म्हणजे शेताचा जुना सर्वे नंबर आणि तिसरी म्हणजे आजीची आठवण. ती सांगते की ढेलजेतून, म्हणजे दारालगतच्या देवडीतून, बाहेर पडले की समोर मारुतीचे देऊळ दिसे, डाव्या हाताला दगडी आड होता आणि परसातल्या दारातून नदीकडे जाणारी पायवाट निघे. घर माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, होते, चौकाला तीन बाजूंनी ओसरी होती आणि मागच्या सोप्यात धान्य साठवायची दोन पेवे होती. छायाचित्र एकही नाही.

वाडा पाहायला मिळेल अशी अपेक्षा नाही. तो नेमका कुठे होता एवढे खात्रीने सांगता यावे, अशी आजी हयात असेपर्यंतची इच्छा आहे. कोणता नकाशा शोधावा, तो कुठे मिळेल आणि त्यावर किती विश्वास ठेवावा, हे जाणकारांनी सांगावे.

बालाघाटी :

आपल्या कामाचा मुख्य नकाशा म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा एक इंचास एक मैल या प्रमाणाचा, म्हणजे १:६३,३६० चा जुना तक्ता. त्याचा क्रमांक कसा काढायचा ते सांगतो, कारण क्रमांक माहीत नसला तर अभिलेखागारातही काही हाती लागत नाही. १६ ते २० अक्षांश आणि ७२ ते ७६ रेखांश हा चौकोन ४७ क्रमांकाचा आहे. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग ए पासून पी पर्यंत, वरून खाली आणि मग पुढच्या रांगेत, असे मोजतात. ७५ ते ७६ रेखांश आणि १९ ते २० अक्षांश हा भाग येतो ४७ एम. त्याचे पुन्हा पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे याच रीतीने होतात. छत्रपती संभाजीनगर ४७ एम/५ मध्ये आहे, पैठण ४७ एम/७ मध्ये आणि आजचा जलाशय मुख्यत्वे एम/२, एम/३, एम/६ आणि एम/७ या चार तक्त्यांवर पसरलेला आहे. मराठवाड्याचा पूर्व भाग, म्हणजे परभणी, हिंगोली, नांदेड आणि लातूर, ५६ क्रमांकात जातो.

तक्ता १९७० च्या आधी पाहणी झालेला हवा. छापल्याचे वर्ष आणि पाहणीचे वर्ष वेगवेगळे असते आणि दोन्ही तळटिपेत दिलेली असतात. पाहणीचे वर्ष पाहावे. तळटीप फाटलेली असेल तर रेल्वेवरून अंदाज बांधता येतो. मनमाडहून औरंगाबादेकडे येणारी मीटरगेज १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत १९११ मध्ये पोचली. लातूरच्या तक्त्यावर रूळ नसतील तर ती पाहणी त्याआधीची आहे.

आता मर्यादा. या प्रमाणात एक मैल, म्हणजे ५२८० फूट, एका इंचात बसतो. आपला वाडा पन्नास फूट रुंद धरला तर कागदावर तो पाव मिलिमीटरसुद्धा भरत नाही, छापलेली रेघच त्याहून जाड असते. नकाशावर गावाचा ठिपक्यांचा पुंजका, देऊळ, बांधीव विहीर, गाडीवाट आणि नाला मिळेल. घर मिळणार नाही. घर कागदपत्रांतून शोधावे लागते आणि नकाशाचा उपयोग त्या कागदपत्रांतली मापे जमिनीवर टेकवण्यासाठी होतो. हा क्रम उलटा केला की माणसे महिनोन्महिने एका ठिपक्यावर भिंग धरून बसतात.

एक गोष्ट मात्र नकाशावरून थेट कळेल. जायकवाडीची पूर्ण संचय पातळी १५२२ फूट आहे आणि जुन्या एक इंची तक्त्यावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, पन्नास-पन्नास फुटांच्या अंतराने, फुटांतच दिलेल्या असतात. आपले गावठाण १५०० च्या रेषेखाली आहे की वर, हे पहिल्याच नजरेत दिसेल आणि त्यावरून धरण भरल्यावर गावावर किती पाणी असते याचा हिशेब लागेल. जलसंपदा विभाग रोजची पातळी जाहीर करतो, तीही बहुधा फुटांत असते.

फसली१३५८ :

बालाघाटी यांनी क्रम बरोबर सांगितला आहे, म्हणून कागदपत्रांविषयी लिहितो.

पावतीपासून सुरुवात करा. हैदराबाद संस्थानाचे फसली वर्ष ६ ऑक्टोबरला, आजूर महिन्याने सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या तारखेस फसली सालात ५९० मिळवावेत आणि जानेवारीनंतरच्या तारखेस ५९१. १३४९ फसली म्हणजे ऑक्टोबर १९३९ ते ऑक्टोबर १९४०. महिन्याचे नाव वाचून घ्या. आजूर, दै किंवा बहमन असेल तर साल बहुतेक १९३९ आहे, खुर्दाद किंवा तीर असेल तर १९४०. पावतीवर पैसे कोणाकडे भरले तेही असेल, आणि तीच त्या कागदावरची सर्वांत मोलाची ओळ आहे, कारण गाव दिवाणी म्हणजे खालसा होते, सर्फ-ए-खास म्हणजे निजामाच्या खासगी मालकीचे होते की जागिरीचे होते, यावर दप्तर कुठे सापडेल हे ठरते. जागिरी १९४९ मध्ये खालसा झाल्या, पण जागीरदारांच्या कचेऱ्यांतील सर्वच कागद तहसिलीत जमा झाले असे नाही. सरकारी दप्तराचा मोठा भाग हैदराबादेत तारनाका येथील राज्य अभिलेखागारात आहे आणि काही भाग छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेखागारात.

सर्वे नंबर हाती आहे, हे उत्तम. परंतु आज सातबाऱ्यावर दिसतो तो गट नंबर असतो. तुकडेबंदी व एकत्रीकरण योजनेत जुने सर्वे नंबर मोडून गट पाडले गेले, त्यामुळे जुना नंबर आजच्या नकाशावर शोधला तर भलतेच शेत निघेल. एकत्रीकरणाची योजना आपल्या गावाला लागली होती का ते पाहावे आणि लागली असल्यास जुन्या-नव्या नंबरांचे पत्रक मागावे. जी गावे योजनेआधीच संपादनात गेली त्यांचे सर्वे नंबर शाबूत राहिले. बुडिताच्या गावांत हा एक विचित्र फायदा आहे.

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून मागायचे कागद म्हणजे गाव नकाशा, त्या सर्वे नंबराचे टिपण, आकारबंद (नंबरवार क्षेत्र आणि साऱ्याचे पत्रक) आणि १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक (जमिनीच्या धारकांची नोंद). टिपण हे शेताचे मोजमापासह काढलेले रेखाटन असते. मुंबई पद्धतीच्या मोजणीत साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, हाच आपला एक गुंठा. टिपणावरचे आकडे फुटांचे समजून कोणी नकाशा काढला तर शेत पोस्टाच्या तिकिटाएवढे होईल. जुने गाव नकाशे अनेकदा एका इंचास वीस साखळ्या, म्हणजे ६६० फूट, या प्रमाणाचे असतात. एक इंची तक्त्यापेक्षा ते आठपट मोठे आहेत.

२०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी निजामकालीन दप्तर बाहेर निघाले, पुष्कळसे स्कॅनही झाले आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना बऱ्याच वर्षांनी मान मिळाला. त्या निमित्ताने तहसिलीतले कारकून ‘असे काही आमच्याकडे नाही’ म्हणण्याआधी निदान कपाट उघडून पाहतात.

दुधनाकाठ :

सर्व माहिती मोलाची आहे, परंतु एक शंका आहे. गाव नकाशावर शेतांचे नंबर असतात आणि गावठाण ही मधली कोरी जागा असते. जुन्या मोजणीत गावठाणाच्या आतले काहीच मोजलेले नसे, कारण त्यावर शेतसारा नव्हता. सिटी सर्वे मोठ्या गावांपुरता झाला आणि ड्रोनने गावठाण मोजण्याची स्वामित्व योजना तर २०२० ची आहे, तेव्हा हे गाव पाण्याखाली जाऊन चव्वेचाळीस वर्षे झाली होती. मग टिपण, आकारबंद आणि टोपोशीट म्हणजे एक इंची तक्ता हे सगळे मिळूनही वाडा त्या कोऱ्या जागेत नेमका कुठे होता हे कसे कळणार? शेत सापडेल, घर सापडणार नाही.

माळवद :

दुधनाकाठ यांची शंका इतर गावांच्या बाबतीत रास्त आहे, पण बुडिताच्या गावांना ती लागू होत नाही. मी नोकरीतली काही वर्षे भूसंपादनाच्या कामावर होतो, म्हणून सांगतो.

जे गावठाण धरणात गेले ते संपादित करताना घराघराची मोजणी झाली. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली कलम ४ ची अधिसूचना निघे, नंतर संयुक्त मोजणी होई आणि शेवटी कलम ११ चा निवाडा. शेतांचा निवाडा सर्वे नंबरांप्रमाणे असतो. गावठाणाच्या निवाड्यात प्रत्येक घराला क्रमांक असतो आणि त्यापुढे धारकाचे नाव, लांबी-रुंदी, भिंती मातीच्या की दगडी, छत माळवदाचे की पत्र्याचे, लाकूड सागाचे की बाभळीचे, आड कुणाचा, झाडे किती, असा तपशील येतो. मूल्यांकन बांधकाम खात्याचे अभियंते करत आणि त्यासाठी गावठाणाचा स्वतंत्र नकाशा काढला जाई, त्यावर हेच घर क्रमांक घातलेले असत. एरवी कुठल्याही सरकारी कागदात मराठवाड्यातल्या खेड्यातील घरांचे इतके बारीक वर्णन सापडणार नाही. सरकारने गाव नाहीसे करण्यापूर्वी ते पूर्ण लिहून घेतले.

निवाड्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भूसंपादन किंवा पुनर्वसन शाखेत, अथवा अभिलेख कक्षात असते. मागताना गाव, तालुका, प्रकल्प आणि शक्य असल्यास निवाड्याचा क्रमांक द्यावा. क्रमांक माहीत नसेल तर शासन राजपत्रातील अधिसूचना आधी काढावी, तिच्यात गावाच्या नावापुढे संपादनाचा प्रकरण क्रमांक मिळतो. तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्याचे दप्तर १९८१ मध्ये जालना वेगळा झाल्यावर काही प्रमाणात हलले, पण पैठण आणि गंगापूर तालुके मूळ जिल्ह्यातच राहिले, तेव्हा आपल्याला ती अडचण येऊ नये. निवाड्यासोबत नकाशा जोडलेला नसेल तर पाटबंधारे विभागाच्या कार्यालयात वेगळा अर्ज करावा. दोन खाती एकाच गावाची दोन टोके सांभाळून असतात आणि एकमेकांना विचारत नाहीत.

गोदातीर :

सर्वांचे आभार. मधल्या काळात बरेच हाती लागले आहे, ते येथे मांडतो.

पावतीवरचा महिना खुर्दाद निघाला, म्हणजे एप्रिल-मे १९४०. गाव खालसा होते. पुनर्वसन शाखेतून निवाड्याची प्रत मिळाली. तिच्यात आजोबांच्या थोरल्या भावाच्या नावाने घर आहे आणि वर्णन आजीच्या वर्णनाशी जवळजवळ शब्दश: जुळते, पेवांसह. आड मात्र आमच्या नावावर नाही, सार्वजनिक म्हणून लिहिलेला आहे. गावठाणाचा नकाशा दुसऱ्या कार्यालयातून मिळाला, पण त्यावर अक्षांश-रेखांश काहीच नाहीत. उत्तर दिशेचा बाण आहे, प्रमाण आहे, मारुती, चावडी, मशीद, आड आणि वेस दाखवली आहे, आणि आमच्या घराचा क्रमांक आहे.

एक इंची तक्ताही मिळाला. त्यावर गावाशेजारी देवळाची खूण आणि तिच्यालगत १५०९ असा उंचीचा आकडा आहे. म्हणजे धरण भरलेले असताना देवळाच्या जोत्यावर साधारण तेरा फूट पाणी असणार.

अडचण पुढे आली. तक्त्याच्या चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत भरून नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ठेवला, तर पैठणचे घाट आणि बुडिताबाहेरची गावे सगळी एकाच दिशेला सरकलेली दिसतात. सरकणे फार नाही, पण एका घराच्या दृष्टीने फारच आहे. घराण्यातल्या एका उत्साही मंडळींनी इंटरनेटवरून एकोणिसाव्या शतकातला चार मैलांस एक इंच प्रमाणाचा ॲटलासही उतरवून आणला, त्यात तर पैठण जवळजवळ दुसऱ्याच गावाच्या शिवारात जाते.

बालाघाटी :

दोन्ही सरकण्यांची कारणे वेगळी आहेत.

एक इंची तक्ता एव्हरेस्टच्या १८३० च्या लंबगोलावर आधारलेला आहे आणि आजची उपग्रहचित्रे डब्ल्यूजीएस ८४ वर. पृथ्वीचा आकार दोघांनी थोडा वेगवेगळा धरला आहे आणि मोजणीचा आरंभबिंदूही निराळा आहे. आपल्या भागात त्यामुळे शंभर ते दीडशे मीटरचा फरक पडतो. हा फरक सगळीकडे जवळपास सारखाच असतो, म्हणून सगळी गावे एकाच दिशेला सरकलेली दिसली. क्यूजीआयएसमध्ये तक्ता उघडताना कल्याणपूर मूलाधाराची, म्हणजे त्या जुन्या लंबगोलाची आणि आरंभबिंदूची, निवड केली तर बराचसा भाग आपोआप सुटतो.

ॲटलासचे कारण मोठे आहे. जुन्या तक्त्यांचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या स्थानावरून काढलेले होते आणि ते स्थानच ग्रिनिचपासून सुमारे अडीच मिनिटांनी चुकलेले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ही दुरुस्ती झाली. आपल्या अक्षांशावर अडीच मिनिटे म्हणजे चार किलोमीटरहून अधिक. उत्साही मंडळींना सांगावे की तो नकाशा भिंतीवर लावण्यासाठी सुंदर आहे. नळदुर्ग जिल्हा, मोमिनाबाद अशी जुनी नावे ओळखायलाही त्याचा उपयोग होतो, मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई. घर शोधायला तो घेऊ नये.

आता उपाय. कोपऱ्यांवर भिस्त ठेवू नका. तेव्हाही होत्या आणि आजही जागेवर आहेत अशा गोष्टी निवडा: टेकडीवरचे त्रिकोणमितीचे ठिकाण, बुडिताबाहेरच्या गावांतली जुनी देवळे, पैठणचे घाट, गाडीवाटांचे जुने तिठे. नदीचे वळण आणि नाल्याचे मुख मुळीच घेऊ नका, गोदावरी आपली जागा राखत नाही. आणि बिंदू सर्व बाजूंनी घ्या. उत्तरेकडचीच गावे घेतलीत तर नकाशा दक्षिणेकडे पंख्याप्रमाणे उघडतो आणि आपले गाव नेमके त्या उघडलेल्या बाजूला आहे. दक्षिण तीर त्या काळी इंग्रजी मुलखात, नगर जिल्ह्याच्या शेवगाव आणि नेवासे तालुक्यांत होता. नदीच सरहद्द होती. एक इंची तक्त्यावर दोन्ही तीर सलग असतात, म्हणून पलीकडची गावे बिनदिक्कत वापरावीत. गाव नकाशा मात्र नदीच्या अलीकडच्या काठावर संपेल.

हे केल्यावरही गावठाणाचा नकाशा टेकवायला निदान दोन ओळखीच्या जागा लागतील आणि त्या एक इंची तक्त्यावर पुरेशा बारीक मिळणार नाहीत. त्यासाठी करोना उपग्रहांची चित्रे पाहावीत. हा अमेरिकेचा हेरगिरीचा कार्यक्रम १९६० ते १९७२ चालला आणि त्याची चित्रे १९९५ मध्ये खुली झाली. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अर्थ एक्सप्लोरर या स्थळावर ती शोधता येतात. कुणीतरी आधी स्कॅन करून घेतलेली मोफत उतरवता येतात, इतरांसाठी शुल्क भरावे लागते. शेवटच्या वर्षांतल्या कॅमेऱ्यांना दोन मीटरच्या आसपासची वस्तू दिसत असे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते साल आहे. १९७२ पर्यंत नाथसागर भरलेला नव्हता, गाव नांदते होते. ढग नसलेली, उन्हाळ्यातली पट्टी मिळाली तर वेस, चावडीपुढचे पटांगण आणि मोठे चौक ओळखू यावेत. चित्र लांबट पट्टीचे असते आणि टोकांकडे वेडेवाकडे होते, म्हणून पूर्ण पट्टी जागेवर बसवण्याच्या फंदात न पडता गावाभोवतीचा छोटा तुकडा कापून तेवढाच बसवावा.

माळवद :

एक पुस्ती जोडतो. निवाड्याच्या नकाशावरचा उत्तरेचा बाण कंपासने काढलेला असू शकतो, शिवाय मोजणी घाईत झालेली असते. बाणापेक्षा मारुती आणि वेस यांना जोडणारी रेघ अधिक भरवशाची समजावी. करोनाच्या चित्रात ते दोन्ही दिसले तर त्यांच्यावरून नकाशा फिरवून बसवावा आणि बाण सोडून द्यावा.

तेरणाकाठ :

विषय थोडा वेगळा आहे, पण येथेच विचारतो. आमचे जुने घर औसा तालुक्यातल्या एका गावात ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात पडले आणि गाव दुसरीकडे वसले. जुन्या गावठाणात आता बाभळी माजल्या आहेत. आमच्यासाठीही हीच रीत चालेल का?

फसली१३५८ :

आपले काम पुष्कळ सोपे आहे. जमीन कोरडी आहे, जुनी विहीर आणि देवळाचे जोते बहुधा जागेवर आहे आणि जुन्या घरात राहिलेली माणसे अजून साठीतच आहेत. तीन-चार वडीलधाऱ्यांना एकत्र नेऊन गल्ल्या आखून घ्या आणि मोबाइलवर प्रत्येक कोपऱ्याचा बिंदू टिपा. ग्रामपंचायतीचा भूकंपापूर्वीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीची नोंदवही, मिळाला तर घरांचा क्रमही जुळवता येईल. नकाशाचा खटाटोप त्यानंतर. माणसे आहेत तोवर हे उरकावे.

गोदातीर :

करोनाचे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातले एक चित्र मिळाले, आधी कुणीतरी स्कॅन करून ठेवलेले. वेस आणि मारुतीपुढचा मोकळा चौक दोन्ही ओळखता येतात. माळवद यांनी सांगितल्याप्रमाणे त्या दोन जागांवरून निवाड्याचा नकाशा फिरवला, तेव्हा त्यावरचा उत्तरेचा बाण खरोखर काही अंशांनी चुकीचा निघाला. आमच्या घर क्रमांकाच्या जागी चित्रात मध्ये काळोखी चौकोन आणि तीन बाजूंनी उजळ पट्टी आहे, म्हणजे चौक आणि त्याभोवतीची माळवदे असावीत. शेजारच्या दोन घरांचेही तसेच दिसते, तेव्हा केवळ चित्रावरून कुणी छातीठोकपणे सांगू शकले नसते.

आजीच्या आठवणीशी पडताळून पाहिले तेव्हा घरात वाद उभा राहिला. ढेलजेसमोर मारुती, हे जुळते. आड मात्र निवाड्याच्या नकाशावर उजव्या हाताला आहे. चुलत आजोबांच्या मते नकाशा चुकला. आजीला विचारल्यावर तिने सांगितले की ती पाणी घेऊन घरात शिरत असे, बाहेर पडताना तिच्या हाती कधी घागर नसे. म्हणजे तिचा डावा हात घरात शिरतानाचा होता आणि नकाशा बरोबर आहे. आमच्या पुरुषमंडळींपैकी कुणालाच हे सुचले नव्हते.

मग सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रे पाहिली. ती २०१५ पासूनची मोफत मिळतात आणि त्यांचा एक ठिपका दहा मीटरचा असतो. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत धरण मृतसाठ्यापर्यंत उतरले होते. मे २०१९ च्या चित्रात काळ्या गाळाच्या मधोमध फिकट रंगाचा एक डाग दिसतो आणि तो आम्ही बसवलेल्या गावठाणाच्या हद्दीशी बऱ्यापैकी जुळतो. जुन्या गावाची पांढरी, म्हणजे वस्तीची पांढुरकी माती, अजून गाळातून वर आहे, असे दिसते. घराची जागा आता साधारण दहा ते पंधरा मीटरच्या फरकाने सांगता येते. त्याहून बारीक सांगण्याचा दावा मी करणार नाही.

पाणी १५०९ फुटांखाली गेले की आजीला तेथे नेण्याचा विचार आहे. तेथे जाण्यास कुणाची परवानगी लागते का?

दुधनाकाठ :

माझी शंका फिटली, हे नोंदवतो. आता परवानगीविषयी.

संपादित जमीन शासनाची आहे आणि जलाशयाचा परिसर १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा वन विभागाला विचारल्याशिवाय आत जाऊ नये. पाणी ओसरल्यावर काठाच्या जमिनीवर गाळपेर, म्हणजे ओल्या गाळातली पेरणी, होते आणि पीक उभे असेल तर त्या शेतकऱ्यालाही विचारावे. वाट तोच दाखवील, गाळ कुठे पक्का आहे आणि कुठे गुडघाभर खचतो हे त्यालाच ठाऊक असते. खोदकाम करू नये, दगड-वीट उचलू नये.

उंचीच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. १५०९ हा आकडा पाहणीच्या वेळच्या जमिनीचा आहे. मधल्या दशकांत वर गाळ बसला असेल किंवा लाटांनी माती धुऊन गेली असेल. पाणी १५०९ ला टेकले त्याच दिवशी निघू नका, चार-पाच फूट आणखी उतरू द्या आणि जमीन वाळायला वेळ द्या. आजींचे वय पाहता एप्रिलची सकाळ बरी, मे महिन्यात त्या उघड्या पात्रात सावली कुठेच नसते.

तेरणाकाठ :

गोदातीर यांना विनंती आहे की निवाड्याच्या प्रतीसाठी आणि गावठाणाच्या नकाशासाठी केलेल्या अर्जांचा मसुदा, नावे झाकून, येथे द्यावा. माजलगाव आणि मांजरा धरणांतल्या गावांची काही मंडळी माझ्या ओळखीची आहेत, त्यांना तो लगेच वापरता येईल.

गोदातीर :

देतो. दोन्ही अर्ज वेगळे ठेवा, एकात दोन मागण्या घातल्या की कार्यालय सोपी तेवढी पुरवते आणि प्रकरण निकाली काढते. निवाड्याच्या अर्जात ‘गावठाणातील घरांच्या मूल्यांकन तक्त्यासह’ हे शब्द अवश्य घालावेत, नाहीतर केवळ शेतांचा निवाडा हाती येतो. नकाशाच्या अर्जाला निवाड्याच्या पहिल्या पानाची प्रत जोडावी. मसुदे उद्या टंकून येथेच टाकतो.